हाशिमोटो आणि थायरॉइडचा कर्करोग: संबंध खरा किती, शोधण्यातून दिसणारा किती?

कंठस्थ

हाशिमोटो म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटण्याचा आजार. त्याची खूण असलेली अँटी टीपीओ ही अँटिबॉडी वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला की पाठोपाठ गळ्याची सोनोग्राफी होते आणि नेटवर शोधाशोध सुरू होते. एका ठिकाणी 'हाशिमोटोत कर्करोगाचा धोका दुप्पट-तिप्पट', दुसऱ्या ठिकाणी 'काहीही संबंध नाही'. दोन्हीकडे अभ्यासांचे दाखले असतात. डेली, लिंडसे आणि स्केहेन यांनी १९५५ साली हा संबंध पहिल्यांदा मांडला, तेव्हापासून वाद चालूच आहे.

आपल्याकडे हा प्रश्न किती जणांचा आहे ते बघा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत (त्यात मुंबई आणि गोवाही होतं) पाच हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली आणि जवळपास २२ टक्के लोकांत अँटी टीपीओ सापडलं. म्हणजे पाचातल्या एकाला. या सगळ्यांना कर्करोगाच्या धास्तीने दरवर्षी सोनोग्राफीला पाठवायचं का?

माझं मत असं की पाठवू नये. पण गाठ सापडलीच तर 'हाशिमोटो आहे, असणारच' म्हणून ती सोडूनही देऊ नये. जाणकारांनी सविस्तर लिहावं. अनुभवकथनापेक्षा माहिती आली तर धागा पुढे इतरांनाही उपयोगी पडेल.

नस्ती

विषय अगदी गळ्याशी आलेला. वाचतेय.

सूक्ष्मदर्शी

दोन्ही बाजूंचे आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या लोकांचे आहेत.

'संबंध आहे' म्हणणारे बहुतेक अभ्यास शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथींवरचे. 'नाही' म्हणणारे बहुतेक सुईच्या तपासणीवरचे, म्हणजे एफएनएसीचे. आता बघा, हाशिमोटो असलेल्या माणसाची ग्रंथी काढतात कधी? नुसतं हाशिमोटो गोळीवर भागतं, त्याला कोणी टेबलावर घेत नाही. गाठ संशयास्पद असेल किंवा ग्रंथी फार मोठी होऊन दाब देत असेल तरच काढतात. म्हणजे शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्या हाशिमोटोवाल्यांत कर्करोग जास्त सापडणारच, कारण निवडच तशी झालेली असते. २०१३ साली यांकोविच, ले आणि हर्शमन यांनी दोन्ही प्रकारच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा हीच फट समोर आली: शस्त्रक्रियेच्या मालिकांत संबंध दिसतो, सुईच्या मालिकांत ठाम दिसत नाही.

दुसरा घोळ काचपट्टीवरचा. पॅपिलरी कर्करोगाच्या (थायरॉइडचा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग) आजूबाजूला लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, जमतात, ती गाठीविरुद्धची स्थानिक प्रतिक्रिया असू शकते. खऱ्या हाशिमोटोत गाठीपासून दूरच्या भागातही, दुसऱ्या लोबमध्येसुद्धा (ग्रंथीच्या दुसऱ्या बाजूत), लिम्फोसाइटचे थवे आणि त्यात जर्मिनल सेंटर (लिम्फोसाइट वाढण्याची केंद्रं), सुकलेले फॉलिकल (संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या पिशव्या) आणि हर्थल म्हणतात त्या गुलाबी, दाणेदार, बदललेल्या थायरॉइड पेशी दिसतात. बऱ्याच जुन्या अभ्यासांत दोन्ही एकाच खान्यात टाकलेलं आहे. रिपोर्टात 'लिम्फोसायटिक थायरॉइडायटिस' एवढंच असेल तर ते गाठीभोवती आहे की सगळ्या ग्रंथीत, हे विचारून घ्यावं.

रोखठोक

सूक्ष्मदर्शी, निवडीतला दोष मान्य. पण सगळंच त्यावर ढकलू नका. जठरात हेलिकोबॅक्टर, यकृतात हिपॅटायटिस. वर्षानुवर्षं दाह चालू राहिला की पेशींची झीज-भर वाढते आणि चुकीला वाव मिळतो. थायरॉइड याला अपवाद का असेल? हाशिमोटोच्या ग्रंथींत रेट-पीटीसी ही जनुकांची अदलाबदल सापडल्याचे अहवालही आहेत, आणि तीच पॅपिलरी कर्करोगात दिसते.

सूक्ष्मदर्शी

रेट-पीटीसीचा मुद्दा आहे, पण नुसती अदलाबदल सापडणं म्हणजे कर्करोग नाही. फार संवेदनशील पद्धत वापरली तर ती मोजक्या पेशींत, कर्करोग नसलेल्या ग्रंथीतही सापडते. आणि उलट दिशेचा पुरावाही बघा: हाशिमोटोसोबत आलेल्या पॅपिलरी कर्करोगात ब्राफ व्ही६००ई हा जनुकातला बदल कमी वेळा आढळतो, ग्रंथीबाहेर पसरण्याचं आणि पुन्हा उद्भवण्याचं प्रमाणही कमी. म्हणजे ज्या प्रतिकारशक्तीने ग्रंथी खाल्ली तीच गाठीलाही काबूत ठेवते, असं मानायला जागा आहे.

मधली_ओळ

दोघांच्या मधला दुवा टीएसएच आहे आणि धाग्यात तो अजून आलाच नाही.

टीएसएच हे थायरॉइडच्या पेशींना वाढीचा इशारा देणारं संप्रेरक. २००६ मध्ये बर्मिंगहॅमच्या आणि २००८ मध्ये विस्कॉन्सिनच्या गटाने दाखवलं की गाठ असलेल्यांत टीएसएच जितकं वर, तितकी ती गाठ कर्करोगाची निघण्याची शक्यता जास्त. हा चढ सामान्य मर्यादेच्या आतही दिसतो. हाशिमोटोत टीएसएच वर सरकतं. मग कर्करोगाचा संबंध अँटिबॉडीशी की टीएसएचशी? इटलीत पिसाच्या गटाने हाच प्रश्न घेतला आणि थायरॉक्सिनची (थायरॉइड संप्रेरकाची) गोळी चालू असलेल्या, टीएसएच खाली असलेल्यांत पॅपिलरी कर्करोग कमी आढळला. हे निरीक्षण आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, हे लक्षात ठेवून वाचावं.

यातून 'टीएसएच शून्यावर आणून ठेवा' असा अर्थ मात्र काढू नका. फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या दीर्घकाळच्या आरोग्य-अभ्यासाच्या १९९४ च्या अहवालात साठीपुढच्या लोकांत टीएसएच ०.१ किंवा त्याखाली असेल तर हृदयाची लय बिघडण्याचं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचं, प्रमाण सुमारे तिप्पट होतं. पाळी गेलेल्या बायकांत हाडंही झिजतात. साध्या गाठी आक्रसाव्यात म्हणून जास्त डोस देण्याची पद्धत म्हणूनच मागे पडली. टीएसएच सामान्य मर्यादेत ठेवायचं, बस. गोळीचा डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा मोजायचं. त्याआधी मोजलेला आकडा धड जुना नसतो, धड नवा नसतो, कारण थायरॉक्सिनचा अर्धायुकाळच सुमारे सात दिवसांचा आहे.

उपाशीपोटी

अँटी टीपीओ १३०० वरून ४०० वर आलं तर धोका कमी झाला असं समजायचं का? सेलेनियम, ग्लूटेन बंद वगैरे त्यासाठीच करतात ना लोक?

मधली_ओळ

नाही. अँटी टीपीओ एकदा वाढलेलं सापडलं की निदानापुरतं त्याचं काम झालं. दर सहा महिन्यांनी तो आकडा काढून पैसे घालवू नका. सेलेनियमने काही जणांत आकडा उतरतो, पण उपचाराचं लक्ष्य आकडा नसून टीएसएच आणि लक्षणं आहेत.

गडद_छटा

सोनोग्राफीवर लिहितो, कारण निम्मी घबराट तिथेच तयार होते.

हाशिमोटोची ग्रंथी पडद्यावर मुळातच काळपट आणि खडबडीत दिसते. त्यात १ ते ६ मिलिमीटरचे काळे ठिपके आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या पांढऱ्या रेघा. घाईत केलेल्या रिपोर्टात यालाच 'दोन्ही बाजूंना अनेक गाठी' म्हटलं जातं. या खोट्या गाठी. ओळखायची रीत: प्रोब आडवा ठेवून दिसलेली गाठ प्रोब उभा फिरवूनही तशीच, स्वतःच्या कडेसह दिसली पाहिजे. फिरवल्यावर आजूबाजूत विरघळली तर ती गाठ नव्हे. काळ्या ग्रंथीतली एकसारखी पांढरी गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते.

खरी गाठ असेल तर टाय-रॅड्सचे, म्हणजे सोनोग्राफीवरून गाठ किती संशयास्पद ते ठरवण्याच्या पद्धतीचे, गुण मोजतात. घन असेल तर २, आजूबाजूपेक्षा काळपट असेल तर २, रुंदीपेक्षा उंची जास्त असेल तर ३, कडा वेड्यावाकड्या असतील तर २, बारीक चमकणारे ठिपके असतील तर ३. बेरीज ३ असेल तर टीआर३, ४ ते ६ झाली तर टीआर४, ७ किंवा वर गेली तर टीआर५. अमेरिकन पद्धतीत सुई घालण्याची मर्यादा टीआर३ ला २.५ सेंमी, टीआर४ ला १.५ सेंमी, टीआर५ ला १ सेंमी. अँटी टीपीओला या बेरजेत शून्य गुण आहेत. गाठीचं मोजमाप हाशिमोटो असो नसो, तेच.

हाशिमोटोत फसगत होते ती 'काळपट'च्या दोन गुणांत. तुलना शेजारच्या ग्रंथीशी करायची असते आणि इथे ग्रंथीच काळी. म्हणून गळ्यातल्या पट्टीसारख्या स्नायूंशीही तुलना करून दोन्ही नोंदवावं.

आणखी एक: ग्रंथीच्या खाली, श्वासनलिकेपुढच्या लसिकाग्रंथी हाशिमोटोत दाहामुळे सुजलेल्या असतात. त्या दिसल्या म्हणून कर्करोग पसरला असं नाही. त्यात बारीक कॅल्शियम, पाण्याची पोकळी किंवा कडेने रक्तप्रवाह असेल तर मात्र सुई हवी.

नस्ती

हा प्रतिसाद छापून घ्यावा असा आहे. वाचनखूण साठवली.

टाकेदोरा

गडद_छटा यांच्या लिखाणात एक भर. तरुण मुलगी, एक लोब किंवा सगळी ग्रंथी टणक, अँटिबॉडी वाढलेल्या, सोनोग्राफीत वेगळी गाठ नाही, पण सगळीकडे बर्फ भुरभुरल्यासारखे बारीक पांढरे ठिपके. याला हाशिमोटो म्हणून गोळी देऊन घरी पाठवण्याची चूक होते. पॅपिलरी कर्करोगाचा डिफ्यूज स्क्लेरोसिंग प्रकार नेमका असाच दिसतो आणि तो मानेच्या लसिकाग्रंथींत लवकर पोचतो. ठिपके असतील तर गाठ नसली तरी त्या भागातून सुईने नमुना घ्यायचा आणि मानेच्या दोन्ही बाजू बघायच्या. 'हाशिमोटोत कर्करोग सौम्य असतो' हे वाक्य इथे लागू नाही.

सूक्ष्मदर्शी

टाकेदोरा, फार महत्त्वाचं लिहिलंत.

सुईबद्दल इथेच लिहितो. हाशिमोटोत एफएनएसी दोन दिशांनी चुकतं. पहिली चूक: सुईचं टोक गाठीत न जाता शेजारच्या ग्रंथीत गेलं. नमुन्यात भरपूर लिम्फोसाइट येतात, रिपोर्ट 'हाशिमोटो, बेथेस्डा २' येतो (बेथेस्डा म्हणजे एफएनएसीच्या निकालाचे १ ते ६ गट, २ म्हणजे निरुपद्रवी) आणि गाठ तपासलीच गेलेली नसते. साध्या नमुन्यात फॉलिकल पेशींचे किमान सहा पुंजके, प्रत्येकात दहा तरी पेशी, अशी अट असते. पण दाह स्पष्ट असला की ती अट शिथिल होते, त्यामुळे हा नमुना 'पुरेसा' ठरून जातो. म्हणून सोनोग्राफीखालीच सुई घालावी आणि टोक गाठीत असल्याचं चित्र जपून ठेवावं. गाठ टीआर५ आणि रिपोर्ट बेथेस्डा २, असं जुळत नसेल तर पुन्हा करावं.

दुसरी चूक उलटी. दाहाने चिडलेल्या हर्थल पेशींची केंद्रकं मोठी, फिकट, कधी खाचा पडलेली दिसतात आणि पॅपिलरीचा भास होतो. मग बेथेस्डा ३ लिहिलं जातं. बेथेस्डाच्या २०२३ च्या आवृत्तीप्रमाणे कर्करोग निघण्याची सरासरी शक्यता गट २ मध्ये ४ टक्के, गट ३ मध्ये २२, गट ५ मध्ये ७४ आणि गट ६ मध्ये ९७. गट ३ आला म्हणजे थेट शस्त्रक्रिया नव्हे. काही आठवडे थांबून पुन्हा सुई, शक्य असल्यास जनुकीय तपासणी, आणि सोनोग्राफी काय म्हणते ते सोबत ठेवून निर्णय.

एक साधी गोष्ट सगळ्यांना जमेल: एफएनएसीच्या फॉर्मवर 'अँटी टीपीओ पॉझिटिव्ह, हाशिमोटो, थायरॉक्सिन चालू' हे लिहून द्या. काचपट्टी बघणाऱ्याला हे माहीत असलं की चिडलेल्या पेशींकडे तो योग्य नजरेने बघतो.

लसिका

धागा पॅपिलरीभोवतीच फिरतोय. पण हाशिमोटोशी ज्याचं नातं निर्विवाद आहे तो कर्करोग वेगळा आहे: थायरॉइडचा लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग. १९८५ साली स्वीडनमधून आणि जपानमधून आलेल्या अभ्यासांत हाशिमोटो असलेल्यांत त्याचा धोका साठ पटींहून जास्त आढळला. घाबरण्याआधी पुढचं वाचा: मुळात हा आजार इतका विरळा की थायरॉइडच्या सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा फार तर पाच टक्के. अगदी छोट्या आकड्याला साठने गुणलं तरी येणारा आकडा छोटाच राहतो.

कारणही समजण्यासारखं आहे. थायरॉइडमध्ये स्वतःचं लिम्फॉइड ऊतक नसतं, हाशिमोटोत ते बाहेरून येऊन वस्तीला राहतं. वर्षानुवर्षं उत्तेजित राहिलेल्या त्या बी-पेशींतून (लिम्फोसाइटचा एक प्रकार) संथ वाढणारा माल्ट लिम्फोमा किंवा जास्त आक्रमक लार्ज बी-सेल लिम्फोमा होऊ शकतो.

ओळखायचं कसं: बहुधा साठी-सत्तरीतली बाई, जुनं हाशिमोटो, आणि गळा काही आठवड्यांत भराभर फुगतो. आवाज घोगरा, गिळताना अडतं, आडवं झालं की श्वास लागतो. साधी गाठ आठवड्यांत अशी वाढत नाही. इथे महिनाभर 'बघू' म्हणायचं नाही. नुसती बारीक सुई पुरत नाही, कारण हाशिमोटोतही लिम्फोसाइट आणि इथेही लिम्फोसाइट. जाड सुईची बायोप्सी आणि पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्री, इम्युनो या तपासण्या लागतात. सूज उतरावी म्हणून बायोप्सीआधीच स्टिरॉइड सुरू केलं तर पेशी विरघळून निदान हुकतं. श्वासनलिका धोक्यात असेल तरच तो अपवाद. आणि पूर्ण ग्रंथी काढणं हा याचा मुख्य उपचार नाही, औषधं आणि किरणोपचार हा आहे. निदान नीट झालं तर मोठी शस्त्रक्रिया टळते.

रोखठोक

साठ पट विरुद्ध पाच टक्के, हे मांडल्याबद्दल आभार. दाहाचा माझा मुद्दा लिम्फोमाला जास्त चपखल बसतो, पॅपिलरीला कमी, हे पटलं.

सह्यवारा

ग्रेव्हजचं काय, ज्यात थायरॉइड जास्त काम करू लागते? तोही ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटण्याचा.

मधली_ओळ

तिथे टीएसएच तळाला असतं, पण टीएसएचच्या रिसेप्टरलाच अँटिबॉडी चिकटून तोच इशारा देतात. त्यामुळे ग्रेव्हजमध्ये कर्करोग कमी असेल असं गृहीत धरू नये. आयोडीन उपचार ठरवण्याआधी गाठ आहे का ते बघावं, आणि स्कॅनवर सगळी ग्रंथी तापलेली (भरपूर शोषणारी) असताना एखादा भाग थंड (न शोषणारा) दिसला तर त्या गाठीचं एफएनएसी आधी.

उपाशीपोटी

अवांतर: केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांचे रिपोर्ट बिघडतात, हे खरं का?

परळकर

खरं आहे, आणि फारसं अवांतरही नाही. अनेक यंत्रांची पद्धत बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांच्या चिकटण्यावर चालते. केसांच्या गोळ्यांतला ५ ते १० मिलिग्रॅमचा डोस असेल तर टीएसएच खोटं खाली आणि एफटी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) खोटं वर दिसू शकतं. रिपोर्ट ग्रेव्हजचा वाटतो. किमान दोन दिवस आधी बंद करून रक्त द्यावं आणि लॅबला सांगावं.

कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी यापेक्षा मोठा अडथळा हाशिमोटोचाच आहे. पूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन) मोजून आजार उरलाय का ते बघतात. पण रक्तात अँटी थायरोग्लोब्युलिन, म्हणजे त्याविरुद्धच्या अँटिबॉडी, असतील तर नेहमीच्या पद्धतीत थायरोग्लोब्युलिन खोटं कमी येतं. ०.१ पेक्षा कमी आकडा बघून आनंद करायचा नाही, शेजारचा अँटिबॉडीचा आकडा आधी बघायचा. म्हणून दोन्ही एकाच नमुन्यातून, दर वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने. लॅब बदलली की जुन्या आकड्यांशी तुलना संपली. अशा वेळी अँटिबॉडीचा कल हीच खूण: पहिल्या वर्षात निम्म्याहून खाली आल्या तर चांगलं, दोन-तीन वर्षांत बऱ्याच जणांत नाहीशा होतात. उतरलेल्या पुन्हा चढू लागल्या तर मानेची सोनोग्राफी.

परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून किरणोत्सर्गी आयोडीनचं काम चालतं, त्यामुळे महाराष्ट्रात या उपचाराची माहिती जुनी आहे. पण आता कमी जोखमीच्या छोट्या पॅपिलरीत आयोडीन सरसकट देत नाहीत. फ्रान्समधल्या चाचणीचे २०२२ मध्ये आलेले निष्कर्ष बघा: अशा रुग्णांत आयोडीन न देताही तीन वर्षांनंतरचा निकाल तोडीस तोड होता.

टाकेदोरा

शस्त्रक्रियेआधी एवढं माहीत असावं. हाशिमोटोची ग्रंथी आजूबाजूला चिकटलेली आणि हात लावताच रक्त सुटणारी असते. शेजारच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या, त्यांतून पॅराथायरॉइड (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) वेगळ्या ओळखणं अवघड. म्हणून नंतर कॅल्शियम उतरण्याची शक्यता जास्त. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर लगेच कळवायचं. कॅल्शियम आणि थायरॉक्सिन या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर. आणि अर्धीच ग्रंथी काढली तरी उरलेली अर्धी हाशिमोटोने थकलेली असते, गोळी लागण्याची तयारी ठेवावी.

कंठस्थ

एवढं सगळं वाचल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो. गाठ नसलेल्या, नुसत्या अँटी टीपीओ वाढलेल्या माणसाने दरवर्षी सोनोग्राफी करावी का?

गडद_छटा

नाही. शोधत गेलं की सापडतं, हे दक्षिण कोरियात दिसलं. १९९९ नंतर तिथे इतर कर्करोगांच्या तपासणीसोबत थोड्या जास्त पैशात गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं, मृत्यू मात्र होते तेवढेच. सापडलेले बहुतेक छोटे पॅपिलरी. २०१४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनीच आवाज उठवल्यावर शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१७ मध्ये लक्षणं नसलेल्यांची अशी चाळणी करू नये असं स्पष्ट सांगितलं.

जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयात १९९३ पासून १ सेंमीपर्यंतच्या पॅपिलरीवर नुसती नजर ठेवण्याची पद्धत आहे. २०१४ च्या अहवालात १२३५ रुग्ण होते. दहा वर्षांत ८ टक्क्यांच्या आसपास लोकांत गाठ ३ मिलिमीटरने वाढली, लसिकाग्रंथीत पसरण्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली. तरुणांत वाढ जास्त, वयस्कांत कमी.

लसिका

सहमत, पण सोनोग्राफी केव्हा करायचीच ते लिहा. हाताला गाठ लागते, ग्रंथी एका बाजूला वाढलीय, आवाज बदलून टिकून राहिलाय, मानेत लसिकाग्रंथी, लहानपणी मानेला किरणोपचार, जवळच्या नात्यात थायरॉइड कर्करोग. यातलं काही असेल तर अँटी टीपीओ किती आहे ते न बघता करा. आणि भराभर फुगणारा गळा, ते वर लिहिलंच.

कंठस्थ

आणि आधीच गाठ सापडलेली, टीआर३, १.८ सेंमी, सुईची गरज नाही असं सांगितलेलं असेल तर?

गडद_छटा

टीआर३ मध्ये १.५ सेंमीच्या वरच्या गाठीवर नजर ठेवतात: एक, तीन आणि पाच वर्षांनी. वाढली म्हणायचं तर निदान दोन मापं २० टक्क्यांनी आणि कमीत कमी २ मिलिमीटरने वाढलेली हवीत, किंवा घनफळ ५० टक्क्यांनी. १.८ ची १.९ झाली तर ती हातातला फरक, गाठीतला नव्हे. रिपोर्टात तिन्ही मापं आणि लोबमधली जागा लिहून घ्या, पुढच्या वेळी जुनी फिल्म सोबत न्या. हाशिमोटोच्या ग्रंथीत दोन वेगळ्या खोट्या गाठी मोजून 'वाढली' लिहिलं जाणं सोपं आहे. जुनं चित्र शेजारी असलं की ते लगेच कळतं.